माळप्याच्या तिठ्यावर अकरा मिनिटं

पेडणे,
९ ऑगस्ट २०२३

चि. गौरवीस,
बाबली काकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या सुलोचना काकीचा गुडघा धरतो, तोंड मात्र शाबूत आहे. पुण्यात तुझं जेवणखाण नीट होत असेल अशी आशा करतो.

तू मला कधी पाहिलेलं नाहीस. मीही तुला फोटोतच पाहिलं. तुझा बाबा गुरुदास माझा धाकटा भाऊ. छत्तीस वर्षं झाली, तो फोंड्याला आणि मी इथे, आणि मध्ये एक शब्द नाही. त्याचं कारण त्याला विचार. मी ते सांगायला हे पत्र लिहीत नाही. मी लिहितोय ते बसबद्दल.

तुझ्याबरोबर कॉलेजात होती ती पल्लवी आमच्या शेजारची. ती परवा सांगत आली की तू म्हणे संगणकावर बस चालवण्याचा खेळ करणाऱ्या कंपनीत आहेस, त्या खेळात आता गोव्याचे रस्ते येणार, ते काम तुझ्याकडे आहे, आणि जुन्या-नव्या कुठल्या बसगाड्या घ्याव्यात ते लोकांनी सुचवावं असं तुम्ही जाहीर केलंय. काय काय सुचवलंय तेही तिने वाचून दाखवलं. मुंबईहून येणारी झोपायची बस, विमानतळावरची बस, आणि कुणा शहाण्याने तर लंडनची दुमजली बस! मी म्हटलं, पल्लवी, कागद आण.

तर लिहून घे.

पहिली घालायची ती कारेर. पोर्तुगीज वेळेला बसला सगळे कारेरच म्हणत, काही म्हातारे अजून म्हणतात. पुढे लांब नाक, लाकडी सांगाडा, आत आडव्या बांकांऐवजी काही गाड्यांत उभे बांक, जनेलाला काच नाही, पावसाळ्यात ताडपत्रीचा पडदा सोडायचा. चालू करायला पुढून लोखंडी दांडा घालून फिरवायचा. तो उलटा फिरला की मनगट गेलं. आपले आबा, म्हणजे तुझे आजोबा रामचंद्र, असल्याच एका गाडीवर ड्रायव्हर होते आणि त्यांचं उजवं मनगट जन्मभर वाकडं राहिलं. खेळात दांडा हवाच. नुसती कळ दाबून कारेर सुरू झालेली मी खपवून घेणार नाही.

दुसरी, मुक्तीनंतरची नाकवाली टाटा. आबांनी अडुसष्ट साली स्वतःची घेतली ती तीच. तिसरी चपट्या तोंडाची, चौऱ्याऐंशीची, नाव 'माउली'. पेडणे, म्हापसा, डिचोली, साखळी. ती मी चालवत होतो. तिच्याबद्दल सांगायला बसलो तर काकी जेवण झाकून झोपून जाईल, म्हणून तूर्त एवढंच की ती पाहिजे. ती नसेल तर बाकीच्या घालू नकोस.

मग नव्वदीनंतरच्या बुटक्या मिनीबस. त्यात उभं राहिलं की डोकं छताला लागतं आणि कंडक्टर सगळ्यांना मागे ढकलत 'फाटीं वच, फाटीं वच' ओरडतो. तो आवाज घाला, त्याशिवाय ती गोव्याची बस नव्हे. सरकारच्या कदंबच्या गाड्या घालाच. आणि आता आलेली विजेवरची. मी पणजीला बसलो तीत. गार हवा, गुळगुळीत, सगळं मान्य. पण ती येते तेव्हा ऐकूच येत नाही. आमच्या वेळी धारगळच्या चढावर माउलीने गियर बदलला की खाली वाडीतल्या बाया चुलीवरचं उतरवून पदर खोचायला लागत. बिनआवाजाची बस माणसांना बोलावणार कशी?

टपावर काय असायचं तेही लिही. पोदेराची पावांची टोपली, नारळ, कधी कोंबड्या. डिचोलीच्या वैद्याची औषधाची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी, ती कुणाच्या हाती द्यायची ते तोंडपाठ. खेळात नुसती माणसं चढवून उतरवून भागणार नाही.

आता भांडणाचं. पल्लवीने तिच्या संगणकावर तुमचा तो खेळ मला चालवायला दिला. परक्या देशातला रस्ता होता, पण चाक हातात आल्यावर मला रस्ता कुठला का असेना. थांब्यावर थांबलो. एक म्हातारी लांबून येताना दिसली, म्हणून थांबून राहिलो. वर लाल आकडे पळायला लागले. वीस सेकंद झाली, एक तारा गेला. मग दुसरा गेला. म्हातारी चढली, मी निघालो, आणि शेवटी खेळ मला सांगतो, 'असमाधानकारक चालक'. मला! बेचाळीस वर्षांत एका माणसाला खरचटू दिलं नाही त्या मला!

हा नियम बदलायचा. आमच्याकडे बस माणसासाठी थांबते. माउलीला वीस सेकंदांत निघायला लावणार असाल तर तिचं नाव रंगवू नका.

तुझ्या बाबाला हे पत्र दाखवायचं की नाही ते तू ठरव. काकी आशीर्वाद सांगते.

तुझा,
बाबली काका


पेडणे,
२७ सप्टेंबर २०२३

चि. गौरवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. फोनवर नाही, हाताने लिहून पोस्टाने पाठवलंस, पोस्टमनसुद्धा पाकीट उलटंपालटं करून बघत होता. अक्षर गुरुदाससारखं आहे, 'ळ' तर थेट त्याचा. चवथीला तू फोंड्याला होतीस हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे यंदाही गणपतीवरची फळांची माटोळी मीच बांधली. आबांनंतर दोन भावांचं काम एकटा करतो, पण बांधतो.

माउली घेतलीस, शाबास. तू मागितलेली मापं सोबतच्या कागदावर आहेत. रंग खाली निळा, वर दुधी, मध्ये बोटभर लाल पट्टी. पुढची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पाटी मराठीतली की कोंकणीतली असं तू विचारलंस. अगं, शहाऐंशी-सत्त्याऐंशीला याच प्रश्नावर लोक रस्त्यावर उतरले होते. एकदा दोन्ही बाजूंचे दोन जण माउलीच्या पुढे येऊन हेच विचारायला लागले. आबा जनेलातून डोकं काढून म्हणाले, "साखळी ती साखळी. चडपाचें आसा जाल्यार चडात." दोघेही मुकाट्याने चढले. आम्ही घरात बोलतो एका भाषेत आणि पत्र लिहितो दुसऱ्या भाषेत, त्याचं आम्हाला कधी काही वाटलं नाही.

एक वस्तू मापांत येणार नाही म्हणून इथे लिहितो. माउलीत एसटीसारखी दोरीची घंटा होती, आबांनी हौसेने बसवलेली. दोरी छताखालून पार मागपर्यंत, घंटा माझ्या डोक्यावर. एक टोल म्हणजे थांब, दोन टोल म्हणजे चल. ड्रायव्हरने स्वतःच्या मनाने गाडी हलवायची नाही, दोन टोल पडल्याशिवाय नाही. आबांचा हा कडक नियम होता. ती घंटा खेळात घाल.

आता तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानाबद्दल.

तू लिहितेस की थांबण्याचा नियम बदलायला तुझे वरचे तयार नाहीत, कारण खेळाला शिस्त हवी. आणि तू लिहितेस की माउलीचं चित्र बाबाला दाखवलंस तेव्हा तो ताटावरून उठला आणि म्हणाला, "ही गाडी थांबली म्हणून माझा बाप गेला."

बरं. निघालाच आहे विषय तर माझ्या तोंडूनही ऐक.

खरं आहे. एकोणीस नोव्हेंबर सत्त्याऐंशी, सकाळची पहिली फेरी. आबांच्या छातीत रात्रीपासून कळ होती. वायू धरलाय म्हणत होते, पण माझ्या आईने हट्टाने त्यांना गाडीत बसवलं. त्या वेळी पहाटे दुसरं वाहन मिळत नव्हतं. म्हापशाच्या इस्पितळात उतरवायचं ठरलं होतं. माळप्याच्या तिठ्यावर माउली अकरा मिनिटं उभी होती, आबा आत बसलेले असताना. म्हापशाला पोचलो तेव्हा इस्पितळाच्या पायरीवर आबा गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्यांच्या तोंडून ते सहज गेलं असेल, पण तोवर निरोप मिळून पणजीहून धावत आलेला गुरुदास शेजारी उभा होता, आणि त्याच्या कानात ते कायमचं बसलं.

तेराव्याला त्याने सगळ्यांसमोर थांबण्याचं कारण विचारलं, "कोणाक लागून रवलो तूं?"

मी म्हटलं, "म्हजी मर्जी."

"तुवें आबाक मारलो," म्हणाला आणि उठला. पान तसंच टाकून गेला. तुझ्या आईला लग्न करून आणली तेव्हा आमंत्रण नव्हतं. तू झालीस ते आम्हाला पाव विकायला येणाऱ्या पोदेराकडून कळलं.

मी थांबलो होतो. लपवत नाही, माफीही मागत नाही. छत्तीस वर्षांत सत्तर लोकांनी विचारलं, सत्तरांना तेच उत्तर दिलं. तुलाही तेच. तुझ्या वरच्यांना सांग, तारे कापायचे ते कापा.

रागाने लिहिलंय, अक्षर बिघडलं. समजून घे.

तुझा,
बाबली काका


पेडणे,
१२ नोव्हेंबर २०२३

चि. गौरवीस,
आशीर्वाद.

आज नरकचतुर्दशीला फोव केले होते, पाच तऱ्हांचे पोहे. काकीने तुझ्या नावाची वाटी वेगळी काढली आणि मग मलाच खायला लावली.

तू पाठवलेली माउली पल्लवीने दाखवली. गौरवी, मी खुर्चीवरून उठलो. मागच्या उजव्या चाकावरचा पोचा कुठून काढलास तू? मी मापांत लिहिला नव्हता. पल्लवी म्हणते, फोंड्याहून एक जुना फोटो मिळाला म्हणून. म्हणजे गुरुदासने तो फोटो ठेवला होता. मला वाटलं होतं फाडून टाकला असेल.

घंटाही वाजली. एक टोल ऐकला आणि पल्लवीला म्हटलं बंद कर. तिला वाटलं आवाज आवडला नाही.

तुझं शेवटचं पत्र दोन ओळींचं. 'काका, कोणासाठी थांबला होतात? मला खेळासाठी नको, मला हवं आहे.' बापाचाच प्रश्न, पण तू ओरडून विचारला नाहीस. तरी मी 'मर्जी' लिहूनच पाकीट बंद करणार होतो. पण गेल्या महिन्यात शांता गेली. आता तिला कोणी काही बोलू शकत नाही, म्हणून सांगतो.

शांता सावंतवाडीकडची. नवरा डिचोलीच्या खाणीवर होता, तो आजारात गेला, आणि त्याच्या जागी तिला मातीकामावर घेतलं. माळप्याला भाड्याच्या खोलीत राहायची, पदरात दोन मुलं. खाणीवर आठला हजेरी बंद. महिन्यात तीनदा चुकली की नाव कापत. आठाच्या आत पोचवणारी गाडी एकच, आमची पहिली. ती डोंगराच्या पायवाटेने उतरून यायची, आणि मिनिट दोन मिनिटं थांबावं लागलं तर आम्ही थांबायचो. तिच्यासाठीच असं नव्हे, सगळ्यांसाठीच. कोणासाठी किती थांबायचं ते आम्हाला माणसागणिक ठाऊक होतं.

त्या महिन्यात ती एकदा मूल तापलं म्हणून चुकली होती. आणि आदल्या दिवशी, अठरा तारखेला, माउलीच पंक्चर झाली कोलवाळला. ती गाडीत होती तरी हजेरी चुकली. आमच्यामुळे. दुसरी खेप.

एकोणीसला माळप्याला आलो तर तिठ्यावर ती नाही. आरशात पाहिलं. आबा माझ्या मागच्याच बांकावर होते, तोंड राखेसारखं, घामाने सदरा चिकटलेला. हे वायूचं नव्हे हे मला तेव्हाच कळलं, गौरवी. मी शांतेचा विचार केला नाही, हजेरीचा केला नाही. कंडक्टर सखाराम मागे तिकिटं फाडत होता, त्याच्या टोलाची वाट न बघता मी गियर टाकला.

डोक्यावर एक टोल पडला.

मला वाटलं सखाराम. वळून बघतो तर दोरी आबांच्या हातात, वाकड्या मनगटाला एक वेढा घेतलेली.

"आबा, बेगिन वचूंक जाय," मी इस्पितळाची घाई करत म्हटलं.

"रव. ती येतली."

"आबा, तुमचें तोंड पळयात," मी आरशाकडे बोट केलं.

"काल आपल्या गाडयेन तिका चुकयली," म्हणाले. पुढे बोलायला त्यांना दम पुरेना.

मी पुन्हा गियर टाकला. पुन्हा एक टोल. तिसऱ्यांदा मी क्लच अर्धा सोडला, गाडी हातभर पुढे गेली, आणि त्यांनी दोरी अशी ओढली की माणसं घाबरून उभी राहिली. मी ब्रेक दाबला. अकरा मिनिटं मी इंजिन चालू ठेवून चाक धरून बसलो आणि त्या पायवाटेला, त्या बाईला, आबांना, सगळ्यांना मनातून शिव्या घातल्या.

ती आली. धावत, चपला हातात घेऊन. जागा आबांच्या शेजारीच होती, तिथे बसली. आणि आबांनी स्वतः दोन टोल दिले.

मग मी जी गाडी मारली तशी कधी मारली नव्हती. कोलवाळच्या पुलावर आबांचं डोकं तिच्या खांद्यावर आलं. तिने ते म्हापशापर्यंत धरून ठेवलं. आपण उतरून त्यांच्याबरोबर आत येते म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो, सखारामला म्हटलं, गाडी चालवणारा दुसरा बघ आणि हिला डिचोलीला पोचव. हजेरी बंद व्हायला तीन मिनिटं असताना ती पोचली. पुढे सोळा वर्षं तिचं नाव कापलं गेलं नाही.

आता तूच सांग, तेराव्याला मी काय उत्तर देणार होतो? 'शांतेसाठी' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिला माळप्यात पाणी भरू दिलं नसतं कोणी. एकटी बाई, परगावची, नवरा गेलेला, वर म्हाताऱ्याला खाल्लं म्हणाले असते. 'आबांनी थांबवलं' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कोणासाठी, हाच आला असता. आणि सखारामला मी गळ्याची शपथ घातली होती. बाकीची माणसं मागे, त्यांनी टोल ऐकले, दोरी कोणी ओढली ते पाहिलं नाही. म्हणून म्हटलं माझी मर्जी. तिला धावत चढताना पाहिलेल्यांनी तिच्या-माझ्याबद्दल बोलायचं ते बोलून घेतलं, पण माझ्या तोंडून नाव गेलं नाही म्हणून ते कुजबुजीपुरतंच राहिलं. तसं काही नव्हतं. असतं तर तुझ्या काकीने मला जिवंत ठेवलं नसतं.

काकीला पहिल्यापासून ठाऊक आहे. आम्ही धड बोलत नाही म्हणून ती म्हणते, "तुमी दोगूय आबांचेच पूत. कोणूच सारको उलयना."

शांतेला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती आबांच्या शेजारी बसली होती, तिला दिसत होतंच. त्या दिवसानंतर ती तिठ्यावर बस यायच्या आधी पाव तास उभी असायची. पावसात, तापात. तिच्यासाठी मला पुन्हा कधी थांबावं लागलं नाही. एकदाच म्हणाली, "बाबलीदादा, माज्यासाठी गाडी थांबवू नका हां." मी म्हटलं, "थांबवीन."

आणि आता हे तुझ्या बाबाला वाचून दाखव. सगळं. न दाखवण्यासारखं मी काही लिहिलेलं नाही.

त्याला सांग, तू म्हणत होतास ते अर्धं बरोबर होतं. अकरा मिनिटं गेली. ती मिळाली असती तर आबा वाचले असते की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, आणि मीही ते रोज मोजतो. त्याला वाटतं मी आबांना सोडून दुसऱ्या कोणासाठी थांबलो. मी निघालो होतो, गुरुदास. तीनदा निघालो होतो. तू चाकावर असतास तर तूही निघाला असतास. आबा निघाले नाहीत. मला राग यायचा तो त्यांचा. वर्षानुवर्षं यायचा, आणि तो मी कोणाला सांगणार? तू नव्हतास.

माफी मी मागत नाही. आबांच्या हुकमाची माफी मी कोण मागणार.

गौरवी, खेळाचा नियम बदलू नकोस. वरच्यांशी भांडू नकोस, नोकरी सांभाळ. फक्त माउलीच्या माहितीत एक ओळ घाल, की ही गाडी उशिरा पोचते आणि चालकाला एकही तारा मिळत नाही, ज्याला तारे हवेत त्याने दुसरी बस घ्यावी. मी आणि पल्लवी तीच घेणार. काल मी पेडण्याहून साखळीला गेलो, सगळ्या थांब्यांवर मनाला येईल तेवढा थांबलो. शून्य आलं. पल्लवीने टाळ्या वाजवल्या.

खरी माउली दोन हजार चार साली भंगारात गेली. घंटा मी काढून घेतली होती. ती आमच्या दारावर आहे, दोरीसकट. येत्या एकोणीसला आबांची तारीख आहे, रविवार आहे. काकीने खतखत्याच्या भाज्यांची यादी आत्ताच केली आहे, आणि गुरुदासला त्यात मक्याचं कणीस लागतं हे ती विसरलेली नाही.

त्याला घाई करू नकोस. एक टोल मी दिला आहे, दोन त्याने येऊन द्यावेत. एकोणीसला नाही जमलं तर पुढच्या वर्षी. कितीही तारे गेले तरी गाडी इथून हलणार नाही.

इंजिन चालू ठेवून, माळप्याच्या तिठ्यावरून,
तुझा आणि त्याचाही,
बाबली